वारा सातवीत

बरबँकमध्ये जूनमध्येही एडिटिंगची खोली गारठलेली असते,
माणसांसाठी नव्हे, यंत्रांसाठी.
मंगळवारी नवी आवृत्ती आली
आणि दुपारपर्यंत मॅग्नोलिया रस्त्यावरच्या आमच्या दुमजली इमारतीत
कुणी कुणाशी धड बोलेना.

ट्रॅक गेले होते.
म्हणजे कसं सांगू,
घरी यावं आणि कळावं की कुणीतरी
स्वयंपाकघरातली सगळी फडताळं उपटून
एकच लांबलचक ओटा घातलाय,
डबे म्हणे आपापली जागा शोधतात.

वार्तान मेलिक्यानने चष्मा कपाळावर सारला.
"संवाद पहिल्या दोन ओळींत. पावलं तिसरीत.
वारा सातवीत.
बावीस वर्षं माझा वारा सातवीत आहे.
आता तो ठेवू कुठे?"

"ठेवायचाच नाही," जोसलिन टाकेमोतो म्हणाली,
"चित्राला चिकटवायचा. चित्र हललं की तोही हलतो."
सकाळपासून तिने दोन जाहिराती कापून दिल्या होत्या,
आणि जेवायला वेळेवर गेली होती,
जे आमच्यात कुणी करत नाही.
"तुझं प्रेम सिनेमावर आहे की ओळींवर?"
ती हसली. एकटीच.

डेसमंडला तत्त्वज्ञानाशी देणंघेणं नव्हतं.
त्याला शुक्रवारी चॅनेलला टेप द्यायची होती
आणि टेपचं बटणच सापडत नव्हतं.
जुनी कामं उघडत नव्हती. एकही नाही.
"अकरा सीझन," तो परत परत म्हणत होता,
घराची किल्ली हरवलेल्या माणसासारखा खिसे चाचपत.

कंपनीने एक मुलगा पाठवला,
शांत आवाजाचा, पांढऱ्याशुभ्र बुटांचा.
त्याने एक तुकडा पुसला
आणि मागचे सगळे सरकून त्या जागी आले,
रांगेतला एक गेला की बाकीचे पुढे होतात तसे.
"बघा. फट राहतच नाही."

तेव्हा कोपऱ्यातून हिल्डी ओस्ट्रँडर बोलली,
वय त्र्याहत्तर, आठवड्यातून दोनदाच येते:
"आणि मला फट हवी असली तर?"
"मग फटीचा तुकडा घालायचा, मॅडम."
"म्हणजे नसण्यालाही आता वस्तू व्हावं लागणार,"
ती म्हणाली, आणि डोनटची साखर बोटांवरून झटकली.

वार्तानला वाटलं, म्हातारी आपल्या बाजूची.
तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.
"मी फिल्म आकड्यांना टांगायचे, पांढरे मोजे घालून.
कुठला शॉट कुठे, ते वासावरून कळायचं.
मग तुम्ही लोक पडदे घेऊन आलात,
तुमच्या त्या ओळी घेऊन.
शिव्या देतच शिकले मी त्या.
तुझ्या सातवीलासुद्धा, वार्तान."

यावर कुणाला काही सुचेना.
त्या मुलाने वहीत काहीतरी लिहून घेतलं.
काय, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जुनं यंत्र कपाटात हललं,
नेटची वायर काढून, वर चिकटपट्टी:
"अपडेट कराल तर हात तोडीन."
अक्षर वार्तानचं. मी नुसती असिस्टंट,
मला त्या कपाटाची किल्ली मिळाली
आणि मान मिळाल्यासारखं वाटलं.
घरी मात्र मी रात्री दोनपर्यंत नवीनच शिकत होते.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

गुरुवारी हार्ड डिस्क विसरले म्हणून परत आले
तर त्याच्या खोलीत उजेड.
वार्तान. नव्या आवृत्तीपुढे. दार अर्धं उघडं.
वाळवंटातला शॉट, एक बाई, बंद पेट्रोलपंप.
तो वारा खाली ओढत होता,
खूप खाली, जिथे सातवी असती तिथे,
आणि सोडला की वारा वर सरकून
बाईच्या पायाशी येऊन बसत होता.

चार वेळा. पाच वेळा.

"बघ," तो मागे न वळता म्हणाला,
मी आलेय हे त्याला कसं कळलं कुणास ठाऊक,
"सोडतच नाही तिला."

ही तक्रार होती का, मला ठरवता आलं नाही.
मी डिस्क उचलली.
त्याने वारा पुन्हा खाली ओढला.